आपल्या शेजारचे सेनापतींचे गाव

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘तू तळेगावावर लिही’ असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हिशेबाची वही आणि किराणामालाची यादी यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. मग दुपारच्या वेळी थोडे वाचले, थोडे जाणत्यांना विचारले, आणि जे नीट कळले तेवढेच येथे मांडीत आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

लग्न होऊन मी उर्स्यात आले त्याला चोवीस वर्षे झाली. तेव्हापासून तळेगाव मला ठाऊक आहे ते बाजाराचे गाव म्हणून. कांदे, मिरच्या, मुलांचे गणवेश, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्याला तळेगाव. या गावात कधी काळी मराठी राज्याचे सेनापती राहत होते, आणि त्या घराचा सारा कारभार वीस वर्षे एका बाईने पाहिला, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. मागल्या थंडीत मंडळाची सहल इंदुरीला गेली. तेथील दरवाजाखाली डबे उघडून आपण जेवलो, परत आलो, आणि ‘हा कोट कोणाचा’ असे एकीनेही विचारले नाही. विचारले नाही त्यात मीही होते. त्याची थोडी भरपाई म्हणून हा लेख.

प्रथम भूगोल सांगते, कारण या गावाचे सारे नशीब त्याच्या जागेत आहे. सूर्य जिकडे मावळतो ती बाजू म्हणजे मावळ. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्यावर लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना. त्या डोंगरांतून दोन नद्या पूर्वेकडे निघतात. कुरवंड्याकडून येणारी इंद्रायणी कामशेत, इंदुरी, देहू, आळंदी करीत तुळापुरास भीमेला मिळते. दुसरी आपली पवना. ती चिंचवडच्या मोरया गोसाव्यांच्या समाधीवरून पुढे जाऊन दापोडीला मुळेत मिसळते. या दोन नद्यांच्या मध्ये जो उंचवटा आहे त्यावर तळेगाव वसले आहे. आपले उर्से पवनेच्या अंगाला आणि इंदुरी इंद्रायणीच्या काठी, म्हणजे तळेगाव दोघांच्या मधोमध. लोणावळ्यात पाऊस कोसळत असतो तेव्हा तळेगावात नुसती भुरभुर असते, हे आपण दरवर्षी पाहतो. म्हणून तेथील हवा कोरडी व आरोग्याची मानली गेली आणि शहरातले लोक हवापालटासाठी तेथे येऊ लागले. खाली खाचरांत भात पिकतो. आपण रोज शिजवतो तो इंद्रायणी तांदूळसुद्धा याच भागातला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला.

कोकणातून बोरघाट चढून आलेला माणूस पुण्याला जायचा म्हणजे तळेगावावरूनच जायचा. व्यापारी, बैलांचे तांडे, पालख्या आणि फौजा, सर्वांची वाट एकच. वाटेवरच्या गावाला पैसा लवकर मिळतो आणि आगही लवकर लागते. तळेगावाने दोन्ही पाहिले.

गावाचे नाव गावातल्या मोठ्या तळ्याची आठवण देते. ग्रामदैवत डोळसनाथ. पण महाराष्ट्रात तळेगावे बरीच, म्हणून ओळखीसाठी प्रत्येकाला शेपूट जोडलेले आहे. शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे आणि आपले तळेगाव दाभाडे. हे दाभाडे मूळचे तळेगावचे पाटील. बजाजी पाटलांचे चिरंजीव येसाजी दाभाडे हे शिवाजी महाराजांच्या पदरी होते. येसाजींचे चिरंजीव खंडेराव. राजाराम महाराज जिंजीला गेले त्या कठीण काळात दाभाडे घराण्याने त्यांची सोबत सोडली नाही. पुढे शाहू महाराज गादीवर आले. खंडेरावांनी खानदेशात सुरत-बऱ्हाणपूरच्या व्यापारी वाटेवर ठाणी बसवली आणि चौथाई वसूल करून मोगलांना हैराण केले. ११ जानेवारी १७१७ रोजी शाहू महाराजांनी त्यांस सेनापतीची वस्त्रे दिली. १७१८ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीला गेले, तेव्हा खंडेरावही बरोबर होते. तेथून परत आल्यावर, १७२०-२१ च्या सुमारास, त्यांनी इंद्रायणीच्या काठी इंदुरीचा कोट बांधला.

आपण जेथे जेवलो तोच हा कोट. एका अंगाला नदी आणि बाकी बाजूंना तटबुरूज, अशी त्याची रचना आहे. दरवाजा अजून खणखणीत उभा आहे आणि त्यावर गणपती कोरलेला आहे. आत कडजाई देवीचे मंदिर आहे. समोर भंडाऱ्याचा डोंगर, जेथे तुकोबाराय एकांतात बसत. पलीकडे सुदुंबरे, जेथे संताजी जगनाड्यांची समाधी आहे. डोंगरी किल्ला शत्रूला अडवण्यासाठी असतो. हा मैदानातला कोट राहण्यासाठी, कारभार पाहण्यासाठी आणि वेळ पडली तर चार दिवस तग धरण्यासाठी. म्हणजे घरच, पण चिलखत घातलेले.

तळेगावच्या भरभराटीची आणखी एक खूण सांगते. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा मोठा समारंभ खंडेरावांनी तळेगावी सुरू केला. लांबलांबून शास्त्री-पंडित येत. १७३१ मध्ये दाभाड्यांवर संकट आल्यावर हा समारंभ पेशव्यांनी पुण्यास नेला. पर्वतीच्या पायथ्याचा रमणा म्हणतात तो त्याचसाठी. पुढे इंग्रजांचे राज्य आले. या दक्षिणेच्याच पैशांतून त्यांनी १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. म्हणजे तळेगावच्या अंगणात टाकलेले बी पुण्याच्या परसात वाढले. गावांचेही सासरी गेलेल्या मुलींसारखेच असते म्हणायचे!

आता संकटाची गोष्ट. खंडेराव १७२९ मध्ये वारले. त्यांच्या मागे पत्नी उमाबाई आणि त्र्यंबकराव, यशवंतराव व बाबूराव असे तीन मुलगे. उमाबाई या नाशिककडील अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. वणीच्या सप्तशृंगी गडावर चढताना ज्या पायऱ्या लागतात, त्या १७१० साली यांनीच बांधवल्या. आपल्यापैकी कितीजणी नवस फेडायला त्या पायऱ्या चढून आल्या असतील! मीही दोनदा चढले. देवीचे नाव घेत चढले, पण पायरी कोणी घातली ते विचारले नाही.

वडिलांच्या मागे त्र्यंबकराव सेनापती झाले. गुजरातची चौथाई दाभाड्यांनी आपल्या तलवारीने बसवलेली होती. पहिल्या बाजीराव पेशव्यांना तिच्यात वाटा हवा होता. त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले, प्रकरण चिघळले आणि १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईजवळ मराठ्यांचीच दोन सैन्ये एकमेकांवर तुटून पडली. त्र्यंबकराव हत्तीवरून लढत असताना गोळी लागून ठार झाले. शाळेच्या पुस्तकात ही लढाई दोन ओळींत उरकली होती आणि बाजीरावांचा विजय म्हणून आम्ही ती पाठ केली होती. परंतु या लढाईचा निरोप तळेगावच्या वाड्यात कसा आला असेल, हे त्या दोन ओळींत नव्हते. नवरा जाऊन दोन वर्षे झालेली, थोरला मुलगा गेलेला, आणि मारणारा परका नव्हे, आपल्याच राज्याचा पेशवा.

शाहू महाराज स्वतः उमाबाईंच्या समजुतीसाठी तळेगावास आले. बाजीरावांना त्यांनी उमाबाईंच्या पायांवर डोके ठेवावयास लावले, असे परंपरेने सांगतात. सेनापतिपद यशवंतरावांना दिले. पण ते लहान, म्हणून सारा कारभार उमाबाईंच्या हाती आला. फौज, वसुली, वाड्यातले रुसवेफुगवे आणि साताऱ्याचा दरबार, सगळे त्याच पाहत. पुढल्याच वर्षी, १७३२ मध्ये, दाभाड्यांचे गुजरातेतील मोठे सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोरला दगा करून खून करण्यात आला. तो करविला मोगलांचा सुभेदार मारवाडचा अभयसिंग याने. त्यावर उमाबाई रडत बसल्या नाहीत. फौज घेऊन त्या थेट अहमदाबादेवर चालून गेल्या आणि चौथाई-सरदेशमुखीचा हक्क कबूल करवूनच परतल्या. या पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनी त्यांच्या पायांत सोन्याचे तोडे घातले, अशी आठवण सांगितली जाते. मराठ्यांच्या इतिहासात सरसेनापती म्हणून ओळखली जाणारी बाई ही एकच.

यानंतर सुमारे अठरा वर्षे गेली. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले आणि दाभाड्यांचा आधार तुटला. नानासाहेब पेशव्यांनी गुजरातेचा अर्धा हिस्सा मागितला. उमाबाईंनी आधी आपला वकील पाठवला. त्याने काम होईना तेव्हा १७५० च्या नोव्हेंबरात त्या स्वतः आळंदीस जाऊन पेशव्यांना भेटल्या आणि ही वाटणी आम्हांस मान्य नाही असे समोरासमोर सांगितले. उतारवयातली विधवा बाई, एक मुलगा आधीच गमावलेली, आणि पुढ्यात राज्यातला सर्वांत बलवान माणूस. तरी ‘अर्धा घ्या’ असे त्यांनी म्हटले नाही. त्या ताराबाईंच्या पक्षाला मिळाल्या. पिलाजींचे चिरंजीव दमाजी गायकवाड गुजरातेतून पंधरा हजार फौजेनिशी साताऱ्याकडे आले. प्रथम त्यांची सरशी झाली, पण शेवटी डाव उलटला. १७५१ साली दमाजींना आणि दाभाडे कुटुंबाला पेशव्यांनी कैद करून पुण्यास नेले. पुढे दमाजींनी अर्धी गुजरात देण्याचे मान्य केले व ते सुटले. उमाबाई २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या देवळापाशी आहे. खंडेरावांचीही समाधी तेथेच.

दाभाड्यांचे तेज ओसरले, आणि त्यांच्याच हाताखाली वाढलेल्या गायकवाडांनी गुजरातेत बडोद्याचे राज्य उभे केले. हे गायकवाडही पुणे जिल्ह्यातलेच, खेडजवळच्या दावडीचे. आज बडोद्याचा राजवाडा पाहायला लोक तिकीट काढून जातात. त्या वैभवाचा पहिला पाया तळेगावच्या सेनापतींच्या छावणीत घातला गेला, हे तेथे जाताना ध्यानात ठेवावे.

वाटेवरच्या गावाला आग लवकर लागते असे वर म्हटले, त्याची हकीगत आता सांगते. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईहून इंग्रजांची फौज घाट चढून आली. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना तिला अकरा दिवस लागले, कारण मराठ्यांनी तिला सुखाने पाऊल टाकू दिले नाही. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट मारला गेला. तोच आपल्या लोकांच्या तोंडचा ‘इष्टुर फाकडा’. ९ जानेवारी १७७९ रोजी ही फौज तळेगावास पोहोचली, तर गाव जाळून ओस केलेले! शत्रूला दाणा-वैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच आपले गाव जाळले होते. पुणे अवघे अठरा मैलांवर राहिले होते, पण महादजी शिंदे आणि नाना फडणिसांच्या मोठ्या सैन्यापुढे इंग्रजांचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि अंधारात परत फिरले. वडगावला त्यांना गाठून कोंडले आणि १६ जानेवारीला शरणागतीचा तह लिहून घेतला.

वडगावचा विजय आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण मला त्या जळलेल्या घरांची आठवण येते. विजयाच्या आधी कुणीतरी आपल्या हाताने आपले छप्पर पेटू दिले होते. पौषाच्या थंडीत कणग्यांतले भात, तान्ही मुले आणि दुभती जनावरे घेऊन त्या बायका कुठल्या रानात राहिल्या असतील? तहाच्या कागदावर त्यांचे नाव नाही. पण त्यांनी सोसले नसते तर तो तह झाला नसता.

पुढील काळ भराभर सांगते. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८५८ साली पुणे ते खंडाळा आगगाडी सुरू झाली, तिच्यामुळे तळेगावाला स्टेशन मिळाले, आणि १८६३ मध्ये घाटातला मार्ग पुरा होऊन मुंबई जोडली गेली. स्वदेशीच्या चळवळीत या गावाने पुन्हा डोके वर काढले. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा केला होता. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला आणि येथे काम शिकलेले कारागीर देशभर पसरले. त्याच सुमारास प्राध्यापक विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तळेगावात होते. राष्ट्रीय शिक्षण देते म्हणून १९१० साली सरकारने ते बंद पाडले. मराठ्यांचा इतिहास लिहिण्यात आयुष्य वेचणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई शेजारच्या कामशेतला राहिले, आणि गडकोटांवर जीव असलेले गो. नी. दांडेकर तळेगावात. इतिहास लिहिणारे आपल्या दाराशी राहत होते. वाचणारे आपणच कमी पडलो.

आणि आता? २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. त्याचा टोलनाका आपल्या उर्स्याच्याच हद्दीपाशी आहे. कारखाने आले. तळेगावच्या माळावर परदेशी पाठवायचे गुलाब फुलू लागले. पूर्वी वाटेवरून फौजा जात, हल्ली मोटारी जातात. पूर्वी दाणा-वैरण लुटली जाई, हल्ली जमिनीला भाव येतो. वाट मात्र तीच आहे.

या भावाबद्दल एक घरची गोष्ट सांगते. माझे माहेर पवनेकाठचे. तेथील जमिनीला भाव आला, तेव्हा भावांनी मला बोलावणे धाडले. साडी नेसवली, पुरणाचे जेवण घातले आणि एका कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. मी सातवी शिकलेली, मला वाचता येत होते. तरी मी तो कागद वाचला नाही. वाचायला मागणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे, असे मला तेव्हा वाटले. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. भावांशी माझे आजही गोड आहे आणि ते तसेच राहावे. कदाचित कागद वाचूनही मी सही केली असती. पण ते समजून दिलेले झाले असते. मी न समजता दिले, याचे वाईट वाटते.

उमाबाईंची गोष्ट वाचताना माझे मन आळंदीच्या भेटीपाशी थांबले ते यासाठी. शेवटी त्या हरल्या. गुजरातचा अर्धा हिस्सा गेला, सेनापतिपदाचा दरारा गेला. पण काय मागितले जात आहे ते त्यांना पुरते कळले होते. त्या स्वतः गेल्या, स्वतः बोलल्या, आणि नाही म्हणाल्या. गावाच्या नावात ‘दाभाडे’ राहिले, उमाबाईंचे नाव गावच्या पाटीवर नाही. आपलीही नावे कितीशा पाट्यांवर आणि कितीशा कागदांवर आहेत?

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पुढील सहल पुन्हा इंदुरीला न्यावी, जाताना बनेश्वरापाशी थांबून उमाबाईंच्या समाधीवर फूल वाहावे आणि मुलींना ही हकीगत तेथेच सांगावी. दुसरी सूचना अशी की, महिन्यातून एका बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा घेऊन यावा. भजन झाल्यावर तो सर्वांनी मिळून वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना इतरांनी वाचून दाखवावा. त्यात कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, एवढे कळले तरी पुरे. भांडण करावयास मी सांगत नाही. वाचावयास सांगते.

माझा सातबारा मी पहिल्या बैठकीला घेऊन येईन.